माझी कंबर मोडणाऱ्या बाबलास

बाबल, तुझ्या तिरडीला मी खांदा दिला, त्याचा भलता अर्थ काढू नकोस. प्रेम उतू चाललं होतं म्हणून दिला नाही. अंगणात सगळी वाडी जमली होती, माझी बायको इंदू तुझ्या जानकीला धरून बसली होती, आणि तुझा चुलता सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मास्तरानू, तुमी रवा. तुमची कंबर बरी नाय." झालं. मेलेला तू, आणि माणसं बघतायत माझ्या कमरेकडे. मला राग आला. मी काष्टा घट्ट केला, गुडघ्यांत वाकलो, पाठ ताठ ठेवली आणि पुढच्या डाव्या बाजूने तुला उचललं. तुझ्या दारापासून खाडीकाठच्या स्मशानापर्यंत मी खांदा बदलू दिला नाही. आठ दिवसांच्या काविळीने माणूस अर्धा होतो म्हणतात. तू काही झाला नव्हतास.

अर्ध्या वाटेवर माझ्या लक्षात आलं की कमरेत न वाकता गुडघ्यांत वाकून ओझं उचलायचं हे मला तूच शिकवलं आहेस. तेव्हा तर तुला तिथेच टाकून परत फिरावं असं वाटलं.

आता दहा दिवस झाले. वाडीत जो तो तुझं कौतुक सांगतोय. बाबल होता म्हणून वादळात मचवा काठाला लागला, बाबल होता म्हणून अमक्याचं लग्न पार पडलं. मी ऐकतो आणि पानाला चुना लावत बसतो. माझ्याकडे सांगण्यासारखं एकच आहे आणि ते असल्या बैठकीत सांगायचं नसतं. मला तुझ्याकडून एक वाक्य हवं होतं. "मास्तरा, माझां चुकलां." एवढंच. सोन्याचं कडं मागितलं नव्हतं. नऊ वर्षं मी त्या वाक्याची वाट बघितली आणि तू ते न बोलता चालता झालास. म्हणून हे लिहायला बसलो आहे. तुला वाचता कधीच नीट आलं नाही, आणि आता तर प्रश्नच मिटला.

तू पायाळू. आईच्या पोटातून सगळी मुलं डोक्याकडून येतात, तू पाय पुढे करून आलास आणि तेवढ्या एका कर्तबगारीवर जन्मभर मिरवलास. आपल्याकडे कुणाच्या कमरेत उसण भरली की पायाळू माणसाला बोलावतात. दुखणेकऱ्याने उपडं झोपायचं, पायाळूने डाव्या पायाने तीनदा त्याच्या कमरेला स्पर्श करायचा, की उसण उतरली. तू पाच वर्षांचा होतास तेव्हापासून लोक तुला कडेवर घेऊन घरोघर न्यायचे. वेंगुर्ल्याहून, आरोंद्याहून माणसं यायची, तुझ्या एवढ्याशा पायाखाली झोपायची आणि जाताना तुझ्या आईच्या हातात नारळ ठेवायची. मी तुझ्याच वयाचा, तुझ्याच बरोबर खाडीत पोहायला शिकलेला, पण माझ्या पायाला कुणी विचारत नव्हतं. मी पुढे शिकून मास्तर झालो, तू मचव्यावर खलाशी झालास. वर्गात मी मुलांना सांगायचो की पायाळूच्या लाथेने उसण जाते ही खुळचट समजूत आहे. चार दिवसांत उसण आपोआपच जाते आणि नाव लाथेचं होतं. मुलं घरी जाऊन हे तुला सांगायची आणि तू हसायचास.

मग माझ्या कमरेत चमक निघाली. गोव्यात अजून पोर्तुगीज होते तेव्हाची ही गोष्ट. दिपोटी साहेब शाळा तपासायला यायचे होते, भिंतीला ओल धरली होती ती झाकायला मी पुस्तकांनी भरलेलं कपाट एकटाच सरकवायला गेलो. कमरेतून वाकलो आणि तसाच राहिलो. दोघांनी धरून घरी आणलं. साधी उसण होती. चार दिवस शेक घेतला असता तर गेली असती, हे तुलाही माहीत होतं आणि मलाही. पण आई तेव्हा होती. तिने मला विचारलंसुद्धा नाही, तुला निरोप धाडला. तुमचा मचवा तीन दिवसांनी मुंबईला निघायचा होता.

तू आलास आणि तुझ्यामागून अर्धी वाडी आली. मास्तर पायाळूच्या पायाखाली झोपणार, ही गंमत कोण सोडील. ओटीवर चटई घातली. मी उपडा झोपलो. आईसाठी झोपलो असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं, पण खरं सांगायचं तर दुखत इतकं होतं की मी कुणाच्याही पायाखाली झोपलो असतो. तू एकदा पाय लावलास. दोनदा लावलास. नेहमीसारखाच, नुसता टेकवल्यासारखा. आता पुढचं मी आजवर इंदूलाही सांगितलेलं नाही, ते इथे लिहितो. माझं तोंड चटईत होतं, लोक खुसखुसत होते, मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की माझी जीभ चरचरीत होते. मी म्हणालो, "इतक्याच? माका वाटलां पायाळूच्या पायात कायतरी दम आसतलो." हे फक्त तुला ऐकू गेलं. तू वाकून हळूच विचारलंस, "जोरात होयी?" आणि मी म्हणालो, "मार बघूया."

तू टाच मारलीस. कमरेत काहीतरी जागा सोडून गेल्यासारखं वाटलं आणि कुल्ल्यापासून पायाच्या करंगळीपर्यंत तापलेली सळई ओढावी तशी कळ गेली. लोकांनी "उतारली, उतारली" म्हणून गलका केला. तू म्हणालास, "झालां. ऊठ आता." मी उठलो नाही. तू पुन्हा म्हणालास, ऊठ. मग तू माझा चेहरा बघितलास आणि तुझा चेहरा कसा झाला ते मी चटईवरून वर बघताना पाहिलंय. तेव्हाच तू ते वाक्य बोलायला हवं होतंस. तोंडाशी आलं होतं तुझ्या. तू ते गिळलंस, नारळ न घेता अंगणातून निघून गेलास आणि तीन दिवसांनी मचव्यावर चढून मुंबईला गेलास. तीन दिवसांत तुझं घर ते माझं घर, मधला एक दगडी गडगा, तेवढा ओलांडून तुला येता आलं नाही.

मालवणच्या डॉक्टरांकडे मला होडीत आडवा घालून नेलं. ते भले गृहस्थ होते, पुस्तकात होतं तेच त्यांनी केलं. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते, ती सरकून शिरेवर आली आहे, असं समजावून सांगितलं. उपाय एकच. फळीवर उताणं झोपायचं आणि हलायचं नाही. किती दिवस, विचारलं तर म्हणाले, बरं वाटेपर्यंत.

मी सुताराकडून फळी घडवून घेतली आणि तिच्यावर अडीच महिने पडून राहिलो. तुला कधी कल्पना आली नसेल की अडीच महिने म्हणजे किती असतात. छपराची कौलं मोजून झाली, पाली ओळखीच्या झाल्या. इंदूने मला न्हाऊमाखू घातलं, भरवलं, बाकीचंही सगळं केलं. मी पस्तिशीचा बाप्या, आणि बायको कूस बदलून देईल तेव्हा बदलणार. कळ कमी झाली नाही. उलट मांड्या वाळल्या, पोटऱ्या लोंबायला लागल्या, डाव्या पायाची बोटं वर उचलली जाईनात. शाळेत बदली मास्तर आले. बोर्डाचं पत्र आलं की सत्र संपेपर्यंत हजर न झाल्यास जागा भरण्यात येईल. ते पत्र मी उशाखाली ठेवलं होतं आणि दिवसातून चारदा वाचायचो. दर वेळी तुझ्या नावाने बोटं मोडायचो. तुझ्या मचव्याची फळी फुटो, तुला खारं पाणी प्यायला लागो, असं काय काय म्हणत होतो. इंदू म्हणायची, तोंड आवरा. तोंडाशिवाय माझं काही हलत नव्हतं, तेही आवरून काय करू?

पौषात तू परत आलास. बाकीचे खलाशी त्याआधी एक खेप करून येऊन गेले होते, तू काही आला नव्हतास. मुंबईत ऐश करतोय असंच मी धरून चाललो होतो. तू सरळ माझ्या खोलीत शिरलास. कसा आहेस नाही, काय नाही. पांघरूण ओढलंस, माझ्या मांड्यांकडे बघितलंस आणि म्हणालास, "मेल्या, माणूस रवलंस काय आड्यार टांगलेलो सुको बांगडो झालंस? उपडो हो."

"डॉक्टरान हलूचा नाय म्हणान सांगल्यान हा," मी म्हणालो.

"डॉक्टर बसलो मालवणात. उपडो हो सांगतंय मां."

मी नाही म्हटलं. तू इंदूला हाक मारलीस आणि त्या घरभेदी बाईने तुला मदत केली. दोघांनी मिळून मला फळीवरून जमिनीवर काढलं आणि उपडं घातलं. मी इतका ओरडलो की शेजारची कुत्री भुंकायला लागली. नऊ वर्षं तू माझ्या कमरेची विचारपूस केलीस, पण त्या सकाळी मी ज्या शिव्या दिल्या त्यांची तू कधी आठवणसुद्धा काढली नाहीस, तेवढं एक तुझ्या बाजूने लिहून ठेवतो.

पहिल्या दिवशी नुसतं उपडं पडायचं होतं. चार दिवसांनी कोपरांवर छाती उचलायची. आणखी आठवड्याने तळहात टेकून, कंबर जमिनीला तशीच ठेवून, वरचं अंग उचलायचं. दहा वेळा, दिवसातून चारदा. तू शेजारी उकिडवा बसून मोजायचास आणि मी चुकारपणा केला की पुन्हा एकपासून सुरू करायचास. मी म्हणायचो, पायातली कळ मांडीत आली, वाढली. तू म्हणायचास, "वर चढता तां बरां. खाली उतारली तर माका सांग." हे तुला कुणी शिकवलं असं विचारलं तर सांगितलंस, मुंबईच्या धक्क्यावर एक मालिशवाला भेटला होता. मी कपाळाला हात लावला. माझी नोकरी, माझा पाय, आणि वैद्य कोण तर धक्क्यावरचा मालिशवाला.

गादीचं प्रकरणही तूच मला समजावलंस, मला, जो सातवीला शरीरशास्त्र शिकवत होता. "त्या गादयेक रगात पोचणा नाय रे मास्तरा. ती हालण्यावर जगता. खाजणातलो चिखल कसो, भरतीचा पाणी आत येता, ओहोटीक भायर जाता, म्हणान ओलो रवता. बांध घालून पाणी अडव, चार दिसांत भेगो पडतत. तू अडीच महिने कमरेक बांध घालून पडलंस." मला हे पटलं आणि पटलं म्हणून मी तुझ्यावर ओरडलो. म्हटलं, बांध मी घातला, पण घालायची पाळी कुणी आणली? तू म्हणालास, "चल, दहा झाले नाय अजून."

मग चालणं सुरू झालं. आधी ओटीवर, मग अंगणात, मग ओहोटीच्या वेळी खाडीच्या कडेने, जिथे वाळू घट्ट असते. तू मला मुद्दाम शाळा सुटायच्या वेळी शाळेवरून न्यायचास. माझ्याच वर्गातली मुलं कुंपणाला लागून उभी राहून बघायची, मास्तर कसे एक पाय ओढत चाललेत. तू मोठ्याने म्हणायचास, "म्हाताऱ्या, पाय उचल, वाळयेर नांगर काढतंस काय?" मुलं हसायची. मी घरी येऊन तांब्या तुझ्या दिशेने भिरकावला होता, तो चुकला. तू तांब्या उचलून आणलास आणि म्हणालास, "फेकताना कंबर फिरली. दुखली?" नव्हती दुखली. ते कबूल करायला मला किती जड गेलं ते मलाच ठाऊक.

डॉक्टरांच्या कानावर गेलं. त्यांनी निरोप पाठवला की खलाशाच्या सल्ल्याने चालायचं असेल तर माझ्याकडे येऊ नये. मी तुला म्हटलं, बघ, माझी ही शेवटची वाट पण बंद केलीस. तू म्हणालास, बरं झालं. सत्र संपायला बारा दिवस उरले असताना मी काठी न घेता शाळेत गेलो आणि हजेरीपटावर सही केली. तू दारात उभा होतास. पोरांसमोर मी तुझ्याकडे बघितलं नाही.

आता सगळे म्हणतील, एवढं केलं त्याने, मग तुझी तक्रार काय? तक्रार हीच की तू हे सगळं केलंस आणि ते एक वाक्य बोलला नाहीस. मेहनत करून तू मला गप्प बसवायला बघत होतास. घर पेटवणाऱ्याने पुढे येऊन विटा वाहाव्यात आणि काडी कुणी लावली ते विचारू नये, असा तुझा हिशेब होता. मी बधलो नाही. दर वर्षी चतुर्थीला तू आमच्या गणपतीला यायचास आणि मोदक खाऊन झाले की मी विचारायचो. एकदा खाडीत गळ टाकून दोघेच बसलो होतो, तेव्हा तर स्पष्ट म्हटलं. रागावलो की माझ्या तोंडी शाळेतली भाषा येते. मी म्हणालो, "बाबल, तू माझी कंबर मोडलीस. तू माझी क्षमा मागितली पाहिजेस."

"मास्तरा, तू छापील बोलूक लागलंस काय माका भीती वाटता," तू म्हणालास. "आणि जोरात मार म्हणान कोण म्हणालो?"

"मी म्हणालो म्हणून मारायची?"

"देवान दिलेलो पाय. माझो काय गुनाव?"

मग बराच वेळ गळाला काही लागलं नाही. उठताना तू विचारलंस, "कंबर कशी आसा?" आणि मी म्हणालो, "दुखता."

हे "दुखता" मी पुढे तुझ्याविरुद्ध वापरलं. पहिली चार-पाच वर्षं ते खरंच होतं. जुनं दुखणं हट्टी असतं, भातलावणीच्या दिवसांत यायचं, थंडीत यायचं. एका पावसाळ्यात तू होतास इथेच, पण आपलं बोलणं बंद होतं, म्हणून मी तुझे ते कोपरांचे आणि तळहातांचे प्रकार रागाने सोडले. महिन्याभरात कळ पुन्हा पोटरीत उतरली. मग दार लावून घेऊन मी ते पुन्हा सुरू केले आणि तुला कळू दिलं नाही. तेव्हापासून एक दिवस चुकवलेला नाही. रोज सकाळी चटईवर उपडा, मग खाडीकाठाने जाऊन-येऊन दोन मैल. हळूहळू पाण्याची घागर आणायला लागलो, आधी अर्धी, मग भरून. गेली काही वर्षं कंबर दुखत नाही. बसून उठताना कडक असते, दहा पावलांत सुटते. पण तू विचारलंस की मी कमरेवर हात ठेवून म्हणायचो, "दुखता रे." का म्हणून तुला सुखाने झोपू द्यावं? माझ्याजवळ तुझ्याविरुद्ध तेवढंच एक उरलं होतं. ती बरी झाली असं म्हटलं असतं तर तू छाती काढून वाडीभर सांगत फिरला असतास, बघा, मोडली मी आणि बांधलीही मी. लोकांनी मोडलेलं विसरून बांधलेलं लक्षात ठेवलं असतं.

काविळीने पडलास तेव्हा सातव्या दिवशी मी आलो. तुझे डोळे हळदीसारखे पिवळे होते. माझ्या मनात होतं की आज विचारायचं नाही, मरणाच्या दारातल्या माणसाला धरून वसुली करायची नाही. तूच तोंड उघडलंस. मला वाटलं, आलं आता ते वाक्य. तू म्हणालास, "मास्तरा, कंबर कशी आसा रे?"

"दुखता," मी म्हणालो. "तुझ्याच पायाची किरपा."

तू डोळे मिटलेस. मी उठून घरी आलो आणि इंदूला म्हटलं, असा दगड माणूस मी बघितला नाही.

काल दुपारी तुझ्या ओटीवर बसलो होतो. तेराव्याची सामानाची यादी जानकीवहिनींना लिहून देत होतो. एवढ्यात एक मनुष्य कमरेवर हात धरून, एका बाजूला कलून, अंगणात आला. आरोंद्याहून आला होता, तुझी बातमी त्याला ठाऊक नव्हती. "पाय लावन घेवक इलंय, वयनी," तो म्हणाला. "बाबल खंय?"

वहिनींनी त्याला बसवलं, पाणी दिलं, तू नाहीस ते सांगितलं. तो हळहळला. मग त्या अगदी सहज, वाट सांगावी तशा म्हणाल्या, "ते आसते तरी तेंनी पाय लावलो नसतो. तां तेंनी कधीच सोडल्यानी. ह्या मास्तरांची कंबर मोडल्यानी मां, तेच्यापासून."

ह्या मास्तरांची कंबर मोडली. नऊ वर्षं जे ऐकायला मी कान टवकारून बसलो होतो ते तुझ्या बायकोने एका परक्या माणसाला सांगितलं. तू लाथ मारणं सोडलंस हे मला दिसत होतं, पण मी समजत होतो की वयामुळे सोडलंस, कंटाळलास.

माझं तोंड बघून त्या म्हणाल्या, "तुमका ठावक नाय? माका वाटलां कधीतरी सांगल्यानी आसतले."

मग त्यांनी सांगितलं. कसला मालिशवाला आणि कसलं काय. मचवा मुंबईला लागला तसा तू मोठ्या इस्पितळात गेलास, रांगेत उभा राहिलास आणि माझं दुखणं तुझं म्हणून सांगितलंस. "पाय बधिर झालो, बोटां उचलणत नाय, सगळां तुमचां सांगल्यानी," वहिनी म्हणाल्या. "डॉक्टरान पाठीचो फोटो काढल्यान आणि इचारल्यान, खोटां कित्या बोलतंस? तेवा रडले. म्हणाले, सायबा, दोस्ताची कंबर मी मोडलंय, ती सुदारूची कशी तां माका शिकवा." डॉक्टरांनी शिकवलं. तू रोज सकाळी तिथे जायचास, बाकीचे दुखणेकरी काय करतात ते बघायचास, स्वतः उपडा पडून करून दाखवायचास. मचवा तुझ्यावाचून निघून गेला आणि तू एक खेप मागे राहिलास.

"मग माका कित्या सांगूक नाय?" मी विचारलं.

"मी शंभरदा म्हटलंय तेंका. म्हणायचे, खंयच्या तोंडान सांगू? तेची कंबर बरी होवंदे. ज्या दिसा मास्तर म्हणतलो आता दुखणा नाय, त्या दिसा जावन तेच्या पायार डोक्यां ठेवतंय. दर वेळी तुमका इचारून येयत आणि हयसर बसान म्हणत, अजून दुखता गो तेची."

मी यादी पुरी केली. त्या आरोंद्याच्या माणसाला चटईवर उपडं झोपवलं, कोपरं कुठे ठेवायची ते दाखवलं आणि फळीवर पडून राहू नको म्हणून बजावलं. त्याने विचारलं, तुम्हीही पायाळू काय? मी नाही म्हटलं. मग घरी आलो. रात्रभर तुझ्याशी भांडलो आणि सकाळी कागद घेऊन बसलो.

चूक तुझीच आहे, बाबल. लाथ तुझी होती, पाय तुझा होता, बोलायचं होतंस तूच. मुंबईच्या अनोळखी डॉक्टरला तू रडून सांगितलंस, बायकोला सांगितलंस, आणि ज्याची कंबर मोडली तो गडग्यापलीकडे राहत होता त्याला नाही. आभाळाकडे एकदा बघून उद्याचा वारा सांगणारा खलाशी तू. मी भरली घागर खांद्यावरून आणताना तुला दिसत नव्हतो? चार वर्षं मी तुझ्या तोंडावर खोटं बोलत होतो ते तुला एकदाही ओळखता आलं नाही? माझ्या शब्दावर इतका भरवसा ठेवायला तुला सांगितलं कुणी?

तुला माझ्याकडून हवं होतं ते आज देतो, घे. गेली चार वर्षं माझी कंबर दुखत नाही. आता बोल.